लवकरच

ओशच्या भिंती रंगवल्यात,
पण ताफ्यातल्या गाडीच्या काचेतून दिसेल तेवढ्याच उंचीपर्यंत.
त्याच्या वर जुने पोपडे तसेच.
शेजारच्या देशाचा झेंडा शिंप्याने दोनदा उसवला,
निळा जरा फिका वाटला म्हणून.
आणि शिष्टाचार खात्याचे तोक्तोसूनसाहेब
रात्री विमानतळावर गालिचा पावलांनी मोजत होते,
पाहुण्यांची किती, आपल्यांची किती,
कुणी कुणाकडे किती चालत जायचं.

माझं नाव बुरुल. म्हणजे ‘वळ’.
चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा
वडिलांनी माझ्या नावातून नशिबाला बजावलं,
आता तरी वळ.
नशीब वळलं नाही. मी शब्द वळवते,
उझबेक इकडे, किरगीझ तिकडे,
सरकारी पगारावर.

खरं सांगू? फार वळवावं लागतच नाही.
त्यांचं पाणी सुव, आमचं सू.
त्यांचा दोस्त सीमा ओलांडताना
शेवटचा त नाक्यावर जमा करून येतो,
आमच्याकडे पोचतो तो नुसता दोस.
जर्दाळूचं नाव तर इतकं सारखं
की भाषांतर करताना लाज वाटते.
दोन्ही राष्ट्राध्यक्षांना एकमेकांचं सगळं कळतं.
तरी ते माझ्यासाठी थांबतात,
कारण मी बोलत असते तेवढ्यात
घोटभर चहा घेता येतो,
राग आला असेल तर
चेहऱ्याची घडी घालून ठेवता येते.
मी म्हणजे पगारी उसंत.

दुसऱ्या दिवशी कलम सात निघालं.
धरणातून किती घनमीटर, कोणत्या महिन्यात.
दीड तास आकडे इकडून तिकडे.
मग पाहुण्यांनी एकदम कागद खाली ठेवला, म्हणाले,
“कालव्याला पाणी आलं की आमची आई
आधी शेजारणीला हाक मारायची,
मग बादली शोधायची.”

मी तोंड उघडलं
आणि काही आलंच नाही.

आयनिसा मावशी कालव्यापलीकडे राहते.
कालवा तीन मीटरचा. पूल अकरा वर्षांपूर्वी काढून नेला.
आईला नेलं त्या दिवशी ती तिच्या काठावर उभी,
आम्ही आमच्या.
तिने फडक्यात बांधलेली रोटी फेकली,
ती आमच्या बाजूच्या चिखलात पडली, कडेला भिजली.
पहाऱ्यावरचा पोरगा तेवढा वेळ
तुतीच्या झाडाकडे बघत राहिला.
ती ओरडून काय म्हणाली ते
कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही.

दालनात तोक्तोसूनसाहेबांचं पेन थांबलं.
(त्यांच्या नावाचा अर्थच ‘थांबो’,
त्यांच्याआधीची तीन भावंडं राहिली नव्हती.)
आणि माझी वाट न बघता आमचे अध्यक्ष बोलून गेले,
“आमच्याकडे बादली एकच होती. तीही तुमच्याकडून आणलेली.”
दोघंही हसले.
इतिवृत्तात आलं, वातावरण सौहार्दपूर्ण.
कलम सात एका घनमीटरानेही हललं नाही.

संध्याकाळी संयुक्त निवेदन.
पुलाबद्दल एकच ओळ, पूल ‘लवकरच’ बांधला जाईल.
त्यांच्या भाषेत लवकरच म्हणजे तेझ ओरादा,
आमच्यात झाकिन आरादा.
शब्द फोडून बघितले तर
त्यांचं मधलं अंतर घाईचं आहे,
आमचं जवळचं.
मधलं अंतर दोघांतही आहे.
मी टीप लिहायला घेतली,
मग खोडली. कोण वाचणार.

रात्री मावशीचा फोन.
टीव्हीवर तिने मला पाहिलं,
दोघांच्या खांद्यांमधे अर्धी दिसत होते म्हणाली,
केस पांढरे झालेत, मेंदी लाव.
लवकरच म्हणजे कधी, हे तिने विचारलं नाही.
अकरा वर्षांत तेवढं व्याकरण तिला आलंय.
विचारलं ते एवढंच,
पुलाला कठडा असेल ना गं?
गुडघे आता धरवत नाहीत.